पाठमोऱ्या सात जणी आणि माझी लाल पेन्सिल

सही करायची नाही, हे माझं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. लोक नंतर म्हणाले, मी हट्टाला पेटलो. कॉलेजचं पत्र नऊ दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली पडून होतं. 'मी दिलेला अभिप्राय अनवधानाने दिला असून तो बिनशर्त मागे घेत आहे,' असा मजकूर आणि खाली माझ्यासाठी ठिपक्यांची रेघ. त्या नऊ दिवसांत मी तिथेच बसून सत्तावीस वेळा जेवलो, पण पेनाला हात लावला नाही.

प्रकरण काय होतं ते सांगूनच टाकतो, कारण आमच्या इमारतीत त्याच्या निदान चार आवृत्त्या फिरतायत आणि त्यांतल्या एकीत मी एका विद्यार्थिनीवर शाईची बाटली फेकली आहे.

मी एकतीस वर्षं छापखान्यात काढली. पुस्तकांची, वह्यांची, गाण्यांच्या अल्बमांची कव्हरं माझ्या हाताखालून गेली. शेवटची बारा वर्षं तर मी मान हलवल्याशिवाय मशीन सुरू होत नसे. निवृत्तीनंतर मात्र माझी मान कशासाठीच कुणाला लागेना. अशात एक दिवस कलामहाविद्यालयाच्या विभागप्रमुख बाईंचा फोन आला. गाणाऱ्या बायकांचा एक ग्रुप पहिलाच अल्बम काढतोय, आमच्या मुलांनी त्यासाठी बत्तीस कव्हरं केली आहेत, तुम्ही बाहेरचे परीक्षक म्हणून या, मुलांना अभिप्राय द्या, मग ग्रुप त्यांतलं एक निवडेल आणि ते खरोखर छापलं जाईल. ग्रुप कोणता ते विचारलं, तर म्हणाल्या, परीक्षकाला सांगायचं नसतं, निःपक्षपातीपणासाठी. कव्हरांवर मुलांची नावंही नसतील, फक्त रोल नंबर. 'छापलं जाईल' हे शब्द ऐकल्यावर मला पुढचं फारसं ऐकूच आलं नाही. मी हो म्हणालो आणि इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. तपासणीला अजून आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सूचनांचं पत्रक आलं. 'अभिप्राय विधायक असावा. वाईट, चूक, नाही, हे शब्द कटाक्षाने टाळावेत.' आता 'नाही' हा शब्द टाळून माणसाने बोलायचं कसं? आमच्या घरात तर ही दिवसभर मुकीच राहिली असती.

विधायक म्हणजे नेमकं काय, ते मी चार ठिकाणी विचारलं. समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "सोपं आहे हो. आम्ही आधी म्हणतो, हिरड्या छान आहेत. मग दात उपटतो." तळमजल्यावरचे नियमकाका, म्हणजे एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क, म्हणाले, "जे वाचून पुढच्याला तक्रार करता येत नाही, ते विधायक. आणि काहीही लिहा, पण 'असे वाटते' लावायला विसरू नका. वाटण्यावर कारवाई होत नाही." शेवटी मी मुलीला फोन लावला. ती एका मोठ्या कंपनीत माणसांना न दुखवता बोलायचं कसं, याचं प्रशिक्षण देते. घरी ती हे प्रशिक्षण वापरत नाही.

"बाबा, सँडविच करायचं," ती म्हणाली. "वर कौतुक, मध्ये सुधारणा, खाली पुन्हा कौतुक."

"आणि मधलं सारण कडू असलं तर?"

"म्हणूनच तर पाव दोन असतात. आधी घरी सराव करा. आणि प्लीज, तुमचा तो छापखान्यातला आवाज काढू नका."

सराव मी लगेच सुरू केला. संध्याकाळी हिने चहा दिला. मी म्हणालो, "चहाचा रंग फार आश्वासक आहे. साखर पडली असती तर तो आणखी खुलला असता. कप मात्र अत्यंत स्वच्छ." हिने तो अत्यंत स्वच्छ कप माझ्या हातातून काढून घेतला, सिंकमध्ये ओतला आणि मंगळवार असल्यामुळे गाण्याला निघून गेली. ही दर मंगळवारी आणि शुक्रवारी चौथ्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंकडे गायला जाते. अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी त्या आमच्याच हॉलमध्ये जमायच्या, नंतर का कोण जाणे वर गेल्या. त्यापलीकडे मला त्याची माहिती नव्हती, आणि बाकीच्या नवऱ्यांनाही नसावी.

मग मी प्लंबरवर सराव केला. तो स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून हात पुसत उभा होता, नळ गळत होता. "तुमच्या कामात धाडस आहे," मी म्हणालो. "पाणी थांबलं असतं तर परिणाम अधिक गडद झाला असता. पाना छान पकडता." त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पिशवी उचलली आणि गेला तो आजतागायत फोन उचलत नाही. नळ अजून गळतो. हिने त्याखाली बादली ठेवली आणि बादलीबद्दल तुमचा अभिप्राय नको, असं बजावलं.

अशी तयारी करून मी कॉलेजात गेलो. लांबलचक खोली, भिंतीवर ओळीने फूटभर चौरस कव्हरं टाचलेली, प्रत्येकाखाली रोल नंबर. मुलं बाहेर. दारावर पाटी, 'कलाकृतींना हात लावू नये.' ही पाटी लक्षात ठेवा, कारण माझं वाटोळं तिनेच केलं. छापखान्यातला माणूस कागद डोळ्यांनी बघत नाही, अंगठ्याने बघतो. छापील आहे की रंगवलेलं, ते अंगठ्याला क्षणात कळतं. पण सूचना म्हणजे सूचना. मी हात पाठीमागे बांधले.

बत्तीस कव्हरांपैकी चौदांवर मावळता सूर्य होता. नऊंवर माइक होता. एकावर सूर्यानेच माइक धरला होता. बायकांचा ग्रुप म्हटल्यावर पाच जणांनी पिंजऱ्यातून उडणारा पक्षी काढला होता आणि त्यांतल्या दोघांचा पक्षी एकाच अँगलने, एकाच पिसासकट उडत होता. मी प्रत्येकाच्या फॉर्मवर तीन चौकोन भरत गेलो. 'सूर्याची निष्ठा भावली. तो थोडा खाली सरकल्यास मागची अक्षरं वाचता येतील, असे वाटते. केशरी रंगाबद्दल अभिनंदन.' 'पक्षी उत्साही आहे. त्याला दोन पंख मिळाल्यास उड्डाणास मदत होईल, असे वाटते. पिंजरा उत्तम.' एकतिसाव्या कव्हरापर्यंत माझा हात दुखायला लागला होता आणि मला स्वतःची किळस यायला लागली होती. एवढं गोड मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही बोललो नव्हतो. आणि खरं सांगायचं तर त्या मुलांना मी फसवत होतो. अक्षरं वाचता येत नाहीत, हे एकालाही सरळ सांगितलं नव्हतं.

मग आलं बत्तीस नंबर.

साधी खोली. मोठी खिडकी. खिडकीतून पांढरा उजेड आत येतोय आणि सात बायका खिडकीकडे तोंड करून उभ्या आहेत. सगळ्या पाठमोऱ्या. एकीचा अंबाडा सैल, एकीचा खांदा किंचित वर, एकीच्या ब्लाउजचा बंद सुटत आलेला. ना सूर्य, ना माइक, ना पक्षी. त्या पाठींत काहीतरी होतं. मी तीन पावलं मागे गेलो, पुन्हा पुढे आलो. एकतीस वर्षांत अशी मोजकी पाच-सहा कव्हरं मी पाहिली असतील. आणि ते इतकं चांगलं होतं म्हणूनच मला त्याचा राग आला, कारण गाण्याच्या अल्बमवर एकही तोंड नव्हतं. एकही माणूस गाताना दिसत नव्हता.

फॉर्म, सँडविच, लेक, सगळं मी विसरलो. खिशातून माझी जुनी तेलकट लाल पेन्सिल काढली, त्या सात पाठींभोवती एक मोठं गोल वर्तुळ मारलं आणि बाजूला ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'इथे कोण गातंय?'

आता हे समजून घ्या. छापखान्यात प्रूफावर लाल खूण करणं म्हणजे मान देणं. कोरं परत आलेलं प्रूफ म्हणजे कुणी पाहिलंच नाही. नवा आर्टिस्ट पहिलं लालेलाल झालेलं प्रूफ घडी घालून घरी न्यायचा. मला वाटलं होतं, भिंतीवर प्रिंटा आहेत, एक खराब झाली तर दुसरी निघेल. एकतीस प्रिंटाच होत्या. बत्तीस नंबर हाताने रंगवलेलं होतं. एकमेव. इतक्या सफाईने रंगवलेलं की माझ्या डोळ्यांना छापील वाटलं, आणि अंगठा पाठीमागे बांधलेला. तेलकट पेन्सिल खोडता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी मला तक्रार निवारण समितीपुढे बोलावलं. अध्यक्ष इतिहासाचे प्राध्यापक होते, ते प्रत्येक वाक्याआधी समोरची फाइल सरळ करत. त्यांनी फाइल सरळ करून सांगितलं की मी कलाकृती विद्रूप केली आहे. विद्रूप झालेलं काम ग्रुपकडे निवडीसाठी पाठवता येत नाही. मी अभिप्राय मागे घेतला, तर तो अपघात धरून विद्यार्थिनीला नवीन चित्रासाठी आठवडा मिळेल. नाही घेतला, तर 'परीक्षकाने नापसंत केलेले' म्हणून बत्तीस नंबर स्पर्धेतून बाद.

"पेन्सिलीबद्दल मी माफी मागतो," मी म्हणालो. "हात जोडून मागतो. त्या मुलीला नवा बोर्ड आणून देतो. पण प्रश्न मागे घेणार नाही. प्रश्न बरोबर आहे."

"अर्ध्या माफीचा फॉर्म नाही," अध्यक्ष म्हणाले. खरंच नव्हता. फॉर्मवर दोनच चौकोन होते, 'मागे घेतो' आणि 'बिनशर्त मागे घेतो'. मी दोन्हींच्या मधे एक तिसरा चौकोन काढून त्यात 'पेन्सिल मागे, प्रश्न जागच्या जागी' असं लिहिलं. त्यावर फॉर्मही विद्रूप केल्याची वेगळी नोंद झाली आणि नवीन पत्र घरी आलं. तेच ते मिठाच्या बरणीखालचं.

मग सल्ल्यांना ऊत आला. नियमकाका म्हणाले, सही करा, पण तारीख टाकू नका, बिनतारखेच्या सहीला कायद्यात अर्थ नसतो. डॉक्टर म्हणाले, सही करा, तुम्ही झोपेत दात खाताय, जबडा सांगतो. मुलगी म्हणाली, "बाबा, एका पोरीचं नुकसान होतंय तुमच्या अहंकारापायी." हे मात्र मला लागलं. कारण ते खरं होतं. रोज सकाळी मी पत्र बाहेर काढायचो, त्या न पाहिलेल्या पोरीचा विचार करायचो आणि पत्र परत बरणीखाली सारायचो. पण सही केली, तर तिला कळणार काय? की तिचं चित्र पाहून थांबलेल्या एकुलत्या एका माणसाने ते चुकून पाहिलं होतं? एकतीस मुलांशी मी खोटं बोललो होतो. एकीशी खरं बोललो, तर तेवढंच मागे घ्यायचं?

हिचं वागणं सगळ्यांत विचित्र होतं. ही सल्लाच देत नव्हती. चौथ्या दिवशी भाजी निवडताना एवढंच विचारलं, "चित्र कसं होतं?"

"उत्तम."

"मग त्याच्यावर लिहिलंत कशाला?"

"उत्तम होतं म्हणूनच लिहिलं."

हिने माझ्याकडे बघितलं, आणि बोलायला म्हणून उघडलेलं तोंड मिटलं. त्या शुक्रवारी ही गाण्याहून नेहमीपेक्षा फार उशिरा आली.

दहाव्या दिवशी अंतिम सुनावणी. मी इस्त्रीचा शर्ट घातला. ही सकाळीच कुठेतरी बाहेर पडली होती. कॉलेजात टेबलापलीकडे अध्यक्ष, विभागप्रमुख बाई आणि कडेला एक बारीकशी मुलगी, नखांत रंग अडकलेला. टेबलावर ते चित्र, माझ्या लाल वर्तुळासकट. मुलीकडे बघवेना, म्हणून मी चित्राकडे बघत राहिलो.

"ग्रुपलाही आपलं म्हणणं मांडायचं आहे, प्रतिनिधींना आत बोलवा," अध्यक्ष म्हणाले.

दार उघडलं आणि बायका आत आल्या. प्रतिनिधी म्हणून अख्ख्या सातच्या सात. पुढे चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई, आणि तिसरी ही. मला आधी वाटलं, ही मला समजवायला आली आहे. मग खुर्च्या कमी पडल्या म्हणून त्या सातही जणी वळून भिंतीकडच्या खुर्च्या ओढायला लागल्या, आणि मला सात पाठी दिसल्या. सैल अंबाडा. वर गेलेला खांदा. सुटत आलेला बंद. मी चित्राकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. जिच्याशी बत्तीस वर्षं संसार केला त्या बाईची पाठ मी चित्रात पाहिली होती, तिच्याभोवती लाल वर्तुळ मारलं होतं आणि तिला ओळखलं नव्हतं.

"अल्बम तुमचा आहे?" माझा आवाज छापखान्यातला नव्हता, कसलाच नव्हता.

"आमचा," ही म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही अभिप्राय दिला असता."

तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. ती चांगली तावातावाने बोलायला लागली. "सर, तक्रार मी केलेलीच नाही, वर्गाने केली. मला फक्त तुमच्याशी भांडायचं होतं. तुम्ही विचारलंत कोण गातंय. या सगळ्या गातायत! बाकीच्यांनी घरी बसून सूर्य काढले, मी सहा वेळा यांच्या तालमीला जाऊन बसले. या अशाच गातात. खोलीकडे पाठ करून, खिडकीकडे बघत. मी जे दिसलं तेच काढलं."

"असं कोण गातं?" मी म्हणालो. "गाताना माणसाने समोर बघावं."

डॉक्टरीणबाईंनी हिच्याकडे पाहिलं. हिने पदर नीट केला.

"पहिल्या वर्षी आपल्याच हॉलमध्ये गायचो आम्ही," ही म्हणाली. "तुम्ही सोफ्यावर पेपर वाचत बसायचात. एकदा पेपर खाली घेऊन म्हणालात, आवाज ठीक आहेत, पण गाताना तोंडं एवढी वेडीवाकडी करायलाच हवीत का, बघवत नाही. चांगल्या मनाने म्हणालात, माहितीये मला. त्या दिवशी आम्ही खिडकीकडे वळलो. पुढच्या महिन्यात वर गेलो. वर कुणी बघायला नव्हतं, पण वळलेलं तोंड काही परत वळलं नाही."

मला ते आठवतच नव्हतं. आठवत असतं तर नाकारता तरी आलं असतं. अकरा वर्षं सात बायका माझ्या एका वाक्यापायी खिडकीकडे तोंड करून गात होत्या आणि मी खाली पेपर वाचत होतो. मला लाज वाटली. भरल्या खोलीत, इस्त्रीच्या शर्टात, कानापर्यंत लाज वाटली.

अध्यक्षांनी फाइल सरळ केली. "म्हणजे परीक्षकांचा अभिप्राय चुकीचा होता, हे स्पष्ट झालं. आता सही करायला हरकत नसावी." त्यांनी फॉर्म आणि पेन पुढे सरकवलं.

मी पेन उचललं. नऊ दिवस मी ज्या सहीशी झगडत होतो ती दोन सेकंदांत करून मला फक्त घरी जायचं होतं. पेन ठिपक्यांवर टेकलं तेवढ्यात हिने फॉर्मवर हात ठेवला. सगळा पंजा, पसरून.

"सही करायची नाही," ही म्हणाली.

"अहो बाई, तुमच्याच ग्रुपच्या हितासाठी..." अध्यक्ष म्हणाले.

"आमचं हित आम्ही बघू. अकरा वर्षांत या माणसाने पहिल्यांदा विचारलंय, कोण गातंय म्हणून. ते मागे घ्यायचं नाही. मला उत्तर द्यायचंय." मग माझ्याकडे हात पुढे केला. "पेन्सिल कुठाय?"

ती खिशातच होती. मी दिली. हिने चित्र स्वतःकडे ओढलं. विभागप्रमुख बाई अर्धवट उठल्या, अध्यक्ष म्हणाले, "हे कुठल्याच नियमात बसत नाही," आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसूच नये." हिने माझ्या प्रश्नाखाली, त्याच लाल रंगात, तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला. 'आम्ही.'

"हेच कव्हर," डॉक्टरीणबाईंनी जाहीर केलं. "प्रश्नासकट, उत्तरासकट. नावही हेच. छापायचं तर असंच छापा, नाहीतर आम्ही दुसरीकडे छापून घेऊ. आमच्यात एकीच्या घरी छपाईतला माणूस आहे." सहाही जणींनी माना हलवल्या. माझी मान कुणी विचारलीच नाही, तरी मी ती हलवली.

बत्तीस नंबरच्या त्या मुलीने चित्र उचललं, हात लांब करून धरलं, एक डोळा बारीक केला. तिला बोलावं की नाही कळत नव्हतं, ते दिसत होतं. मग बोललीच.

"काकू, शब्द बारीक पडलाय. लांबून वाचता येत नाही."

"मग इकडे दे," ही म्हणाली, आणि त्याच शब्दावरून पुन्हा पेन्सिल फिरवायला लागली, या वेळी टेबल हलेल इतका जोर देऊन.